मोझार्टची 'ग्रान पार्तिता' : बारा फुंकवाद्यं, एक डबल बास आणि दमसास

मंद्रसप्तक

गेल्या महिन्यात ओळखीच्या तिघांनी मला एकच तुकडा पाठवला. मोझार्टच्या एका सेरेनेडमधला (सेरेनेड म्हणजे मुळात करमणुकीसाठीची, अनेक भागांची रचना) अडाजिओ, म्हणजे संथ भाग, पाच-साडेपाच मिनिटांचा. तिघांनाही तो मनापासून आवडला होता, आणि मला त्याचा आनंद झाला. पण हा सात भागांच्या रचनेतला तिसरा भाग आहे, त्याच्या आधी दोन आणि नंतर चार भाग आहेत, सगळं मिळून पाऊण तासाच्या वर जातं, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून हा धागा.

रचना म्हणजे बी फ्लॅट मेजरमधली सेरेनेड, क्योखेलनं केलेल्या मोझार्टच्या रचनांच्या सूचीतली क्रमांक ३६१. बी फ्लॅट म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर काळी पाच. 'ग्रान पार्तिता' हे नाव मोझार्टनं दिलेलं नाही. हस्तलिखितावर ते दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आहे, तेही 'पार्तित्ता' असा एक 'त' जास्त घालून. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

त्या काळी व्हिएन्नात फुंकवाद्यांच्या छोट्या ताफ्याला 'हार्मोनी' म्हणत. सरदार-उमरावांकडे असे ताफे असत. जेवणाच्या वेळी, बागेत, रात्री खिडकीखाली त्यांचं वादन होई. १७८२ साली सम्राट दुसऱ्या जोसेफनं आपला दरबारी ताफा उभा केला. वादक आठ : दोन ओबो (सनईसारखी दुहेरी रीडची वाद्यं), दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बसून (खालच्या स्वराची लांब लाकडी फुंकवाद्यं). क्लॅरिनेटवर आंटोन आणि योहान हे श्टाडलर बंधू. याच आठांत मोझार्टनं आणखी पाच वाद्यं मिळवली : दोन बॅसेट हॉर्न, आणखी दोन हॉर्न आणि तळाला एक डबल बास, म्हणजे व्हायोलिनसारखं पण खूप मोठं, खालच्या स्वराचं तारवाद्य. तेरा.

ही पाचही मिळवणी खालच्या नाहीतर मधल्या पट्टीतली आहे, हे माझ्या मते या रचनेचं मर्म आहे. वर चमकणारं वाद्य त्यानं एकही वाढवलं नाही. बासरी नाही, ट्रम्पेट नाही. जे वाढवलं ते खाली, अंधाऱ्या बाजूला. आणि आपण ऐकतो मात्र वरची चाल.

त्या अडाजिओचंच घ्या. हा भाग काळी दोनमध्ये आहे. सगळी वाद्यं मिळून एक संथ ओळ वर जाते, आणि लगेच खालच्या वाद्यांची हालचाल सुरू होते. डबल बास सरळ पावलं टाकतो, मधली वाद्यं प्रत्येक पावलाच्या किंचित मागून येतात. चाल अजून आलेलीच नाही. दोन मापं (तालाचे दोन छोटे फेरे) नुसता हा श्वास चालू असतो. मग कुठूनसा ओबो वरच्या पंचमावर येऊन उभा राहतो. हलत नाही. एकच लांब सूर. तो संपतासंपता क्लॅरिनेट त्याच्या हातून धागा घेतो, पुढे बॅसेट हॉर्न. पंचम लागल्यावर अंगावर काटा येतो हे खरं, पण तो त्या आधीच्या दोन मापांमुळे येतो. पुढच्या खेपेला फक्त खालचं ऐका. ओबो आपोआप ऐकू येईलच.

सात भाग असे आहेत : संथ प्रस्तावनेसह मोल्तो आल्लेग्रो (जलद भाग), मिन्युएट (तीन मात्रांच्या नाचाची चाल), अडाजिओ, दुसरा मिन्युएट, रोमान्स (गाण्यासारखा संथ भाग), एका धुनेवर सहा आवर्तनं (व्हेरिएशन्स, म्हणजे तीच धून दर वेळी बदललेल्या रूपात) आणि शेवटचा धावता रोंडो (मूळ चाल पुन्हा पुन्हा परतणारा भाग). एका बैठकीत ऐका एवढीच विनंती.

पिंपळपान

सुंदर लिहिलंय. मी पाश्चात्त्य संगीतात अगदी नवखी आहे, त्यामुळे विचारते : बॅसेट हॉर्न म्हणजे फ्रेंच हॉर्नचाच प्रकार का? आणि तेरा जण वाजवतात तर पुढे कुणी हातवारे करणारा लागतो का?

मंद्रसप्तक

पिंपळपान, नावामुळे सगळ्यांचाच हा घोटाळा होतो. बॅसेट हॉर्न हा क्लॅरिनेटच्या कुळातला. तसंच तोंड, तशीच एक रीड. फक्त नळी लांब आणि स्वर खालचा, पांढरी चारचा. पूर्वी ती नळी शिंगासारखी वाकडी करत, म्हणून 'हॉर्न'. 'बॅसेट' म्हणजे छोटा बास. १७७० च्या आसपास हे वाद्य आलं, आणि व्हिएन्नात टेओडोर लोट्स नावाचा कारागीर ते उत्तम घडवत असे. आवाज क्लॅरिनेटपेक्षा बारीक नळीतून आल्यासारखा, थोडा घोगरा, थोडा दूरचा. मोझार्टनं शेवटच्या रेक्विएममध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात) क्लॅरिनेट न घेता बॅसेट हॉर्नच घेतले, यावरून त्याला तो रंग कसा भासत असेल ते समजतं.

संचालक लागतोच असं नाही. अनेक ताफे तो न घेताच वाजवतात, पहिला ओबो किंवा पहिला क्लॅरिनेट मानेनं इशारा देतो. एकत्र श्वास घेतला की एकत्र सुरुवात होते.

बँडवाला_सांगली

एकत्र श्वास घेण्याचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

आमच्या घरात क्लॅरिनेट दोन पिढ्यांचं. वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, मीही वीस वर्षं वाजवतोय. कागदावरचं पाश्चात्त्य संगीत मी शिकलेलो नाही, कानानंच सगळं. पण काल रात्री तुमच्या सांगण्यावरून हे पूर्ण ऐकलं आणि ओठ दुखल्यासारखे झाले! ऐकणाऱ्याला वाटतं फुंकवाद्यात फुप्फुसं दमतात. खरं तर आधी ओठ जातात. रीडवर ओठांची पकड सुटली की सूर उतरतो, मग कितीही जोर लावा. वरातीत आम्ही दोन-दोन तास वाजवतो, पण मध्ये ट्रम्पेट येतो, ढोल-ताशा येतो, तेवढ्यात दम घेता येतो. इथे तेराच माणसं आणि पाऊण तास. म्हणून मी एकच गोष्ट धरून बसलो होतो, की हा माणूस वादकाला विश्रांती कुठे देतो.

देतो. फार विचार करून देतो. पहिल्या मिन्युएटमध्ये मधेच बहुतेक सगळे गप्प होतात, नाही का? मोजकीच वाद्यं उरतात. तिथं मला त्या बाकीच्या वादकांचे खांदे खाली आलेले दिसले.

मंद्रसप्तक

बँडवाला, तुमचा कान पक्का आहे. त्या मिन्युएटचा पहिला ट्रायो, म्हणजे मधला तुकडा, फक्त चार वाद्यांचा : दोन क्लॅरिनेट, दोन बॅसेट हॉर्न. एकाच कुळातली चार भावंडं. ओबो, हॉर्न, बसून, डबल बास सगळे थांबलेले. वादकाला श्वास आणि ऐकणाऱ्याला नवा रंग, दोन्ही एकाच युक्तीत. संपूर्ण रचनेत तेरा वाद्यं सलग एकत्र फार कमी वेळ वाजतात.

रसिक_नाशिक

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. सेरेनेड म्हणजे मुळात जेवणावळीत, बागेत मागे वाजणारं संगीत. लोक खात-पीत, बोलत असत. आपण आज त्याला गर्भगृहात नेऊन बसवतो आणि सात भाग एका बैठकीत ऐकायचा आग्रह धरतो, हे त्या संगीताच्या स्वभावाला धरून आहे का? मला दोन मिन्युएट जरा लांबट वाटले. अडाजिओ वेगळा काढून ऐकणाऱ्यांची फार चूक आहे असं मला वाटत नाही.

मंद्रसप्तक

रसिक, तुमचा मुद्दा सेरेनेड या प्रकाराला लागू आहे. मोझार्टनं स्वतः साल्झबुर्गला आर्चबिशपच्या नोकरीत असताना सहा फुंकवाद्यांसाठी जेवणावेळचे दिव्हेर्तिमेंतो, म्हणजे हलक्याफुलक्या करमणुकीच्या रचना, लिहिले होते. दोन ओबो, दोन हॉर्न, दोन बसून. गोड आहेत, आटोपशीर आहेत. तिथे क्लॅरिनेट नव्हते. १७७८ साली मानहाइमहून वडिलांना लिहिताना त्यानं ती खंत बोलून दाखवली होती, की आपल्याकडेही क्लॅरिनेट असते तर!

पण या रचनेचं जे पहिलं वादन तारखेसह नोंदलेलं आहे ते जेवणावळीतलं नाही. २३ मार्च १७८४, व्हिएन्नाचं बुर्गथिएटर, आंटोन श्टाडलरच्या लाभार्थ झालेली मैफल. लोक पैसे देऊन, खुर्चीवर बसून ऐकायला आले होते. जाहिरातीतच म्हटलं होतं की मोझार्टची एक मोठी, अगदी खास प्रकारची फुंकवाद्यांची रचना होणार आहे. योहान फ्रीडरिश शिंक नावाचा लेखक त्या दिवशी तिथे होता. त्यानं लिहून ठेवलंय की तेरा वाद्यं होती आणि प्रत्येक वाद्यामागे उस्ताद बसला होता. परिणाम भव्य आणि उदात्त होता, असंही तो म्हणतो.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मीच सांगतो : शिंकनं त्या दिवशी चारच भाग ऐकले. तेव्हा अख्खे सात ऐकण्याचा माझा आग्रह हा माझा आहे, त्या काळाचा नाही. तरीही तो मी सोडणार नाही. पहिला मिन्युएट ऐकल्याशिवाय अडाजिओ सुरू झाला की ते संथपण नुसतं गोड वाटतं. नाचाची तीन मात्रांची चाल पायात भिनलेली असताना ते आलं की जमीन थांबल्यासारखी वाटते.

रसिक_नाशिक

चार भागांचं माहीत नव्हतं. आणि नाचानंतर थांबलेली जमीन हेही पटलं. मिन्युएट पुन्हा ऐकतो.

डॅन्यूबकाठी

व्हिएन्नात बारा वर्षं राहतोय, तेव्हा जागेविषयी थोडं. आज रिंगरस्त्यावर जे बुर्गथिएटर दिसतं ते हे नव्हे. जुनं नाट्यगृह मिशाएलरप्लात्सवर राजवाड्याला चिकटून होतं, १८८८ साली ते पाडलं. मी कामावर जाताना त्या चौकातून जातो. टांग्यांच्या घोड्यांच्या टापा, पर्यटकांची गर्दी.

पण मला जास्त जिव्हाळा वाटतो तो याच्या थोड्या आधीच्या एका रात्रीबद्दल. १७८१ चा ऑक्टोबर. मोझार्टनं ई फ्लॅटमधली दुसरी एक सेरेनेड लिहिली, क्योखेल ३७५, तेव्हा सहाच वाद्यांची. दरबारी चित्रकार हिकेलच्या घरी संत तेरेसाच्या दिवशी ती पहिल्यांदा वाजली. त्या रात्री वादकांनी ती तीन ठिकाणी वाजवली. एका ठिकाणी संपली की लोक त्यांना दुसरीकडे नेत आणि पुन्हा पैसे देत. मग ३१ तारखेला, मोझार्टच्या नामदिनी, रात्री अकराला तो झोपायच्या तयारीत कपडे काढत होता, आणि खालच्या चौकातून त्याचीच रचना ऐकू आली. त्या सहा जणांनी दार उघडून घेतलं होतं, अंगणाच्या मधोमध उभं राहून त्याला चकित केलं. वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की हे सहा जण गरीब आहेत, पण एकत्र फार छान वाजवतात, विशेषतः पहिला क्लॅरिनेट आणि दोन हॉर्न.

त्या वेळी तो ग्राबेनवर राहायचा. ग्राबेन आज महागड्या दुकानांचा रस्ता आहे. रात्री अकरानंतर तिथं खरंच शांत असतं, आणि अंगणांत आवाज चांगला घुमतो.

पिंपळपान

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आपल्याच रचनेनं रात्री उठवावं!

सावनी_ठाणे

ही तेरा वाद्यांची सेरेनेड मोझार्टनं स्वतःच्या लग्नासाठी, कॉन्स्टान्झला भेट म्हणून लिहिली असं मी कुठेतरी वाचलं होतं. १७८२ चा ऑगस्ट. खरं आहे का?

मंद्रसप्तक

सावनी, गोष्ट गोड आहे, पण तिला आधार नाही. लग्न ४ ऑगस्ट १७८२ ला झालं, तेवढं खरं. या रचनेच्या तारखेचा गोंधळ हस्तलिखितापासूनच सुरू होतो. त्यावर १७८० असा आकडा आहे, पण तो खाडाखोड केलेला. त्यामुळे जुन्या सूचीकारांनी ती व्हिएन्नाला येण्याआधीची मानली. पुढे मोझार्टच्या कागदांचा, त्यांतल्या जलचिन्हांचा बारकाईनं अभ्यास झाला आणि रचना व्हिएन्नाच्या वर्षांत आली. १७८४ ची मैफल मात्र पक्की आहे, आणि ती श्टाडलरची आहे. पुढे याच श्टाडलरसाठी मोझार्टनं १७८९ ला क्लॅरिनेट क्विंटेट (क्लॅरिनेट आणि चार तारवाद्यं) आणि १७९१ ला क्लॅरिनेट कंचेर्तो (एकट्या क्लॅरिनेटला वाद्यवृंदाची साथ) लिहिला. प्रेमकथाच हवी असेल तर ती एका वाद्याशी आणि एका वादकाशी आहे असं मी म्हणेन.

फेस्तकार

माझा एक प्रश्न, मूळ लेखात डबल बास म्हटलंय. माझ्याकडच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणात तळाला काँट्राबसून (बसूनचाच आणखी खालच्या स्वराचा मोठा भाऊ) आहे. सगळीच फुंकवाद्यं असलेली बरी नाहीत का? एकटी तार तिथं का?

(मी गोव्याचा. लहानपणी चर्चच्या संगीतशाळेत सोल्फा आणि व्हायोलिन शिकलो. गावच्या फेस्ताला बँड यायचा, त्यातला क्लॅरिनेट अजून कानात आहे. म्हणून या धाग्यात रस.)

मंद्रसप्तक

फेस्तकार, बऱ्याच वर्षांपर्यंत अनेक जण काँट्राबसून वापरत, 'तेरा फुंकवाद्यांची सेरेनेड' हे नाव त्यातूनच रूढ झालं. पण मोझार्टनं त्या ओळीवर स्वच्छ 'काँट्राबासो' लिहिलंय, आणि काही ठिकाणी 'पित्सिकातो', म्हणजे तार बोटानं छेडायची सूचना आहे. काँट्राबसून कसा छेडणार? वाद तिथं मिटतो.

तार का, याचं माझं उत्तर असं. फुंकवाद्याचा सूर श्वासानं सुरू होतो, श्वासानं संपतो. बारा जण श्वास घेत असताना तळाला एक असा हवा ज्याला श्वास घ्यावा लागत नाही. छेडलेली तार चटकन उमटते आणि विरते, वरच्या वाद्यांना जागा देते. सनईच्या ताफ्यात सूर धरणारा असतो ना, तो गाल फुगवून, नाकानं श्वास घेत सूर तुटू देत नाही. इथं ते काम वेगळ्या तऱ्हेनं केलंय, एवढंच.

बँडवाला_सांगली

चार हॉर्न कशाला ते कुणी सांगेल का? आमच्याकडे हॉर्न असतो तो नुसता ठेका धरायला.

डॅन्यूबकाठी

मी सांगतो, इथल्या एका हौशी ताफ्यात हॉर्न वाजवतो म्हणून.

त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व्ह (नळीची लांबी बदलणाऱ्या कळा) नव्हते, ते एकोणिसाव्या शतकात आले. नळी एकच, त्यामुळे ओठांनी त्या नळीचे नैसर्गिक स्वर तेवढे निघतात. खाली ते विरळ, वर दाट. मधले स्वर हवे असतील तर हॉर्नच्या रुंद तोंडात हात घालून ते थोडं झाकायचं, मग सूर बदलतो पण दबका होतो. वेगळ्या स्वरातून वाजवायचं तर नळीचा जादा वळसा बदलायचा. मोझार्टनं एक जोडी पांढरी चारची ठेवली, एक काळी पाचची. एका जोडीकडे जो स्वर नाही तो दुसरीकडे मोकळ्या आवाजात मिळतो. चार हॉर्न म्हणजे चौपट जोर नव्हे, जास्त स्वर.

जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं एखादं ध्वनिमुद्रण मिळालं तर जरूर ऐका. संचालक फ्रान्स ब्र्युगेनचं आहे. तेव्हाच्या क्लॅरिनेटला आजच्या मानानं फार थोड्या चाव्या होत्या, त्यामुळे प्रत्येक स्वराचा पोत जरा वेगळा. आधी ते कानाला खडबडीत लागतं. मग आजची वाद्यं जास्त गुळगुळीत वाटू लागतात. दुसऱ्या टोकाला संचालक फुर्टवेंग्लरनं १९४७ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या वादकांबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण आहे, संथ आणि भारदस्त. मला दोन्ही लागतात.

मंद्रसप्तक

सहाव्या भागाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून माझं आवडतं पान उघडतो. साधी धून, तिची सहा आवर्तनं. चौथं काळी पाचच्याच मायनरमध्ये, चेहरा झाकोळतो. आणि मग पाचवं. वेग उतरतो, क्लॅरिनेट आणि बॅसेट हॉर्न अगदी हळू झुळझुळू लागतात, पाण्याखालून काहीतरी वाहावं तसं, आणि त्यावर ओबो. अडाजिओत खालची वाद्यं पावलं टाकत होती, इथं ती पाणी झाली आहेत. मी वीस वर्षं ऐकतोय, अजून त्या जागी हातातलं काम थांबतं.

रोमान्समध्येही मधे एक जागा आहे, मायनरमधली, थोडी घाईची, तिथं बसून हे वाद्य धावू लागतं. बाकी तो भाग मला थोडा सैल वाटतो, हे मान्य करतो.

फेस्तकार

पित्सिकातोचं पटलं. काँट्राबसूनवालं ध्वनिमुद्रण ठेवीन, पण आता दुसरं शोधतो. याच्या वंशातलं पुढं कुणी लिहिलं का?

मंद्रसप्तक

द्वोर्झाकची डी मायनर सेरेनेड, १८७८ ची. तिच्यातही फुंकवाद्यांच्या तळाशी तारवाद्यं आहेत, एक चेलो आणि एक डबल बास. आणि रिचर्ड श्ट्राऊसनं सतरा वर्षांचा असताना तेरा वाद्यांसाठी ओपस ७ ची सेरेनेड लिहिली. तेरा हा आकडा त्यानं उगाच निवडला नसावा. बासरी मात्र त्यानं घेतली.

पिंपळपान

ऐकलं! काल रात्री, सातही भाग, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. सगळं कळलं असं मुळीच नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणून पहिल्यापासून खालचंच ऐकत बसले. अडाजिओ आला तेव्हा ओबो कधी लागला ते मला कळलंच नाही. म्हणजे तो एकदम आला नाही, आधीपासून तिथंच असावा तसा होता. तुम्हाला हेच म्हणायचं होतं का?

मंद्रसप्तक

हेच, आणि माझ्यापेक्षा नेमकं.

बँडवाला_सांगली

काल संध्याकाळी वडिलांना ऐकवलं. वय ऐंशीच्या पुढे, कान एकच चालतो, वाजवणं केव्हाच बंद. डोळे मिटून बसले होते. पहिल्या मिन्युएटमधल्या त्या चार वाद्यांच्या जागी आले आणि डोळे उघडून विचारलं, "मोठा बास थांबला ना रे? मग खालचा सूर कोण देतंय?"

मला सांगता आलं नाही. कोण देतं तिथं?

मंद्रसप्तक

दुसरा बॅसेट हॉर्न. वडिलांना माझा नमस्कार सांगा.